बाबांची पाच डॉलरची नोट (आणि आजूबाजूला एक क्रूझ)

आधीच सांगून टाकते, मी क्रूझवाली बाई नाही. सात दिवस एकाच बोटीवर, तेच बुफे, त्याच लिफ्ट, हे मला लग्नाच्या कार्यालयात अडकल्यासारखं वाटतं. पण आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले होते, न्यू जर्सीच्या थंडीत दोघं घरात बसून कंटाळले होते, आणि नवऱ्याने सान हुआनहून निघणारी एक सदर्न कॅरिबियन क्रूझ शोधून काढली. फेब्रुवारीत मुलांना आठवडाभर सुट्टी होती. बाबांना दाखवलं तर ते काही न बोलता चष्मा लावून यादी वाचायला लागले आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ब्रिजटाउन? म्हणजे केन्सिंग्टन ओव्हल?" ब्रिजटाउन म्हणजे बार्बाडोसची राजधानी, आणि केन्सिंग्टन ओव्हल तिथलं क्रिकेटचं मैदान. झालं, तिथेच बुकिंग ठरलं.

आम्ही सहा जण. मी, नवरा, अकरावीतली मुलगी, सातवीतला मुलगा, आई आणि बाबा. बाबा सत्तरीचे, गुडघा एकच चांगला. आई शाकाहारी, पण आजूबाजूला कोणी मासे खाल्ले तर चालतं.

दिवस १, रविवार : सान हुआन

नेवार्कहून पहाटेचं फ्लाइट, चार तासांत पोर्तो रिको. बॅगा बोटीवर चढवल्या आणि हातात तीन तास होते म्हणून जुन्या सान हुआनमध्ये फिरलो. तिथल्या गल्ल्यांमध्ये निळसर दगडी फरशा आहेत, ऊन पडलं की ओल्या असल्यासारख्या चमकतात. एल मोरो किल्ल्याचं बांधकाम स्पॅनिश लोकांनी १५३९ मध्ये सुरू केलं, आणि आता त्याच्यासमोरच्या भल्यामोठ्या हिरवळीवर लोक पतंग उडवतात. मुलगा म्हणाला इथे मांजा कुठे मिळेल, बाबा म्हणाले मांजा इथे नको, पोलीस धरतील. आई तटावरून खाली समुद्र बघत म्हणाली, मुरुडला होडीतून जंजिऱ्याला जाताना असंच पोटात ढवळतं. बोट अजून सुटायची होती, हिचं आधीच ढवळायला लागलं होतं.

दिवस २, सोमवार : नुसता समुद्र

आईने आलेपाकाच्या वड्या आणल्या होत्या त्या संपूर्ण टेबलाला वाटल्या, शेजारच्या टेबलावरच्या टेक्सासच्या आजीलासुद्धा. तिने "ओ माय" म्हणून दोन घेतल्या.

दुपारी सहलींच्या काउंटरवर गेलो. बार्बाडोसची बेट-दर्शन सहल माणशी नव्वद डॉलरच्या आसपास, सहा जणांचे साडेपाचशे, आणि त्यात केन्सिंग्टन ओव्हल म्हणजे "बसमधून दिसेल". बाबा म्हणाले, "बसमधून तर मला वानखेडे पण दिसतं." आणि मनातल्या मनात त्यांनी रुपयांत गुणाकार केला ते मला त्यांच्या कपाळावर दिसलं. मग मी ठरवलं की आपलं आपण जायचं, पायी आणि सरकारी बसने. नवरा या बाबतीत भयंकर घाबरट, त्याने यूट्यूबवर धावत धावत बंदरावर येणाऱ्या आणि बोट सुटलेली बघणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघितलेले आहेत. बोटीच्या सहलीवर असाल आणि उशीर झाला तर बोट थांबते, स्वतःच्या जिवावर गेलात तर नाही थांबत. हे खरं आहे आणि ते त्याने मला त्या रात्री चार वेळा सांगितलं.

एक गोष्ट मात्र बरी होती, सान हुआन आणि या सगळ्या बेटांचं घड्याळ एकच. फ्लोरिडाहून निघालेल्या लोकांचा बोटीचा टाइम आणि बेटावरचा टाइम यात हिवाळ्यात एक तासाचा घोळ होतो, तो आम्हाला नव्हता.

दिवस ३, मंगळवार : बार्बाडोस

आठला बोट लागली. पाचला सुटणार, साडेचारला सगळे आत हवेत. नवऱ्याने फोनमध्ये साडेतीनचा अलार्म लावला, मी बघितलं तर तीनचाही होता.

खाली उतरायच्या आधीच पहिलं विघ्न. मुलाने मिलिटरीच्या चट्ट्यापट्ट्यांची हाफपँट घातली होती. बार्बाडोसमध्ये तसले कपडे सामान्य माणसाने घालायला कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा. मला हे माहीत होतं, मी सांगितलंही होतं, पण सातवीतल्या मुलाला सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं. परत नवव्या डेकवर, पँट बदल, परत लिफ्टची रांग, वीस मिनिटं गेली.

बंदराच्या गेटबाहेर टॅक्सीवाले उभे असतात, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड, आणि मीटर नाही, ठरलेले दर. चार जणांनी विचारलं, चौघांना "गुड मॉर्निंग" म्हणून नको म्हटलं. हे गुड मॉर्निंग फार महत्त्वाचं. इथे आधी नमस्कार, मग काम. दुकानात शिरून सरळ "पाणी आहे का" विचारलं की समोरची बाई तुमच्याकडे बघत शांतपणे "गुड मॉर्निंग" म्हणते आणि तुम्ही म्हणेपर्यंत थांबते. आई म्हणाली बरोबर आहे, आपल्याकडे पण असंच पाहिजे. आई स्वतः रिक्षावाल्याला थेट "कोथरूड!" म्हणते, पण असो.

त्या दुकानात पाण्याच्या बाटल्या घेतल्या, अमेरिकन वीसची नोट दिली. इथे एक अमेरिकन डॉलर म्हणजे दोन बार्बाडोस डॉलर, १९७५ पासून तोच भाव ठरवून ठेवलेला आहे, त्यामुळे हिशोब सोपा. अमेरिकन पैसे दुकानांमध्ये चालतात, सुट्टे मात्र इथले मिळतात. सात कोपऱ्यांचं एक डॉलरचं नाणं, त्याच्यावर उडता मासा. आणि एक वीसची, दोन पाच-पाचच्या नोटा. बाबांनी पाचची एक हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, नोट डोळ्याजवळ नेली आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

"अगं, हा फ्रँक वॉरेल आहे."

म्हणजे नोटेवर क्रिकेटपटू. गांधी नाही, राणी नाही, वेस्ट इंडिजचा कॅप्टन.

पुढचं सगळं बाबांनी चालता चालता मुलांना सांगितलं, मी लहानपणापासून ऐकलेलं आहे पण ते त्याच रस्त्यावर ऐकताना वेगळं वाटतं. मार्च १९६२. आपली टीम इथे आलेली, कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टर. टेस्ट नव्हती, बार्बाडोसबरोबर साधी मॅच. चार्ली ग्रिफिथचा बॉल नरीच्या डोक्यात बसला. तेव्हा हेल्मेट नव्हतंच. कवटीला फ्रॅक्चर, ऑपरेशन, रक्त पाहिजे. तेव्हा रक्त द्यायला वेस्ट इंडिजचा कॅप्टन वॉरेल पुढे आला, आणि आपल्याकडून पॉली उम्रीगर, बापू नाडकर्णी, आणि "आपला बोर्डे". बाबा चंदू बोर्डेंना कायम "आपला" म्हणतात, पुण्याचे म्हणून. नरी वाचला, पण परत टेस्ट खेळला नाही. एकवीस वर्षांच्या पतौडीला कॅप्टन केलं. आणि वॉरेल पाच वर्षांनी, १९६७ ला, बेचाळिसाव्या वर्षी गेला. ल्युकेमिया. रक्ताचाच कॅन्सर. मुलगी म्हणाली, "आजोबा, दॅट्स सो अनफेअर." बाबांनी नोटेची घडी न करता ती पासपोर्टच्या पाऊचमध्ये सरळ ठेवली. बंगालमध्ये अजून वॉरेलच्या नावाने दरवर्षी रक्तदान होतं, १९८१ पासून, हेही त्यांनी सांगितलं.

केन्सिंग्टन ओव्हल बंदरापासून चालत पंधरा मिनिटं. बाबांच्या गुडघ्याने पंचवीस. रस्ता काही खास नाही, गोदामं, हस्तकलेच्या दुकानांची वसाहत, एक शाळा, आणि एकदम समोर २००७ च्या वर्ल्ड कपसाठी नव्याने बांधलेलं पांढरं स्टेडियम. बाहेर गॅरी सोबर्सचा पुतळा, बॅट फिरवून झालेला, सगळं अंग त्या शॉटमागे गेलेलं. बाबा पुतळ्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले, जसे ते पर्वतीवर उभे राहतात.

गेट बंद होतं. मॅच नव्हती, काही नव्हतं. बाबांचा चेहरा बघून मला माझ्या साडेपाचशे वाचवण्याची लाज वाटली. मग आईने कमाल केली. सिक्युरिटीच्या खोपट्यातल्या माणसाला आधी व्यवस्थित "गुड मॉर्निंग" म्हणाली, मग मराठी इंग्रजीत म्हणाली, "माय हजबंड, सेव्हंटी इयर्स, ओन्ली फॉर धिस ही केम." त्याने बाबांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "इंडिया? यू वाँट टु सी द कॅच." प्रश्न नव्हताच तो. म्हणजे रोज येणारे असणार. त्याने पाच मिनिटं सांगून आत एका कडेला नेलं, मैदानात पाय ठेवायचा नाही या अटीवर.

२९ जून २०२४, टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या ओव्हरला सोळा हव्या, पहिलाच बॉल, हार्दिकचा फुलटॉस, मिलरने उचलला, आणि सूर्याने लाँग ऑफला बाउंड्रीच्या दोरीला लागून पकडला, बाहेर जाताना वर उडवला, परत आत येऊन घेतला. आमच्या घरी एडिसनला त्या दिवशी खालच्या मजल्यावरचा माणूस काठीने छत बडवत होता. आपण १७६, ते १६९, सात रन्स. नंतर रोहितने पिचवरचं गवत तोडून तोंडात टाकलं होतं ते हेच पिच. सिक्युरिटीवाल्याने हात लांब करून दाखवलं, तिथे. मुलगा मोबाइल उभा धरून व्हिडिओ काढत होता आणि मी बघितलं तर बाबा तिकडे बघतच नव्हते. ते दुसऱ्या बाजूला बघत होते. तिथे एका स्टँडवर लिहिलंय, हॉल अँड ग्रिफिथ. म्हणजे त्याच चार्ली ग्रिफिथच्या नावाचा स्टँड. आणि जवळच वॉरेल, वीक्स, वॉलकॉट या तिघांचा. एकाच्या बॉलने डोकं फुटलं आणि एकाने रक्त दिलं, दोघांची नावं एकाच मैदानावर. बाबा म्हणाले, "ग्रिफिथने मुद्दाम नव्हता टाकला." एवढंच.

मग त्यांना १९७१ आठवलं. इथेच गावसकर नाबाद ११७ आणि सरदेसाई १५०, सोलकरला हाताशी धरून. बाबा तेव्हा सोळा वर्षांचे, सकाळी पेपरवाला यायच्या आधी जिन्यात जाऊन बसायचे. आणि मग १९९७ पण आठवलं, सचिन कॅप्टन, चौथ्या डावात १२० हवे होते आणि आपण ८१ वर सगळे आउट. त्या दिवशी बाबा जेवले नव्हते, मी साक्षीदार आहे. सिक्युरिटीवाला हसला आणि म्हणाला की तो त्या मॅचला होता, बारा-तेरा वर्षांचा असेल. बाबांनी त्याच्याशी हात मिळवला. पाच मिनिटांची पंचवीस झाली.

तिथून गावात. ब्रिजटाउन छोटं आहे, बंदराच्या आतल्या खाडीत, तिला करीनेज म्हणतात, होड्या लागलेल्या, पलीकडे पार्लमेंटची घड्याळाची इमारत. समोरच्या चौकात इंग्रज आरमाराच्या नेल्सनचा पुतळा होता तो २०२० च्या नोव्हेंबरमध्ये काढला आणि बरोबर पुढच्या नोव्हेंबरमध्ये, ३० तारखेला, देश प्रजासत्ताक झाला. आम्हाला फेअरचाइल्ड स्ट्रीटचा बसस्टँड गाठायचा होता, पूर्व किनाऱ्यावरच्या बॅथशीबाला जायला.

बस तीन प्रकारच्या, रंगावरून ओळखायच्या. निळी म्हणजे सरकारी, पिवळी म्हणजे खाजगी मिनीबस, आणि पांढरी व्हॅन तपकिरी-लाल पट्ट्याची, तिला झेडआर म्हणतात, नंबर प्लेटवरून पडलेलं नाव. भाडं सगळीकडे तेच, साडेतीन बार्बाडोस डॉलर, म्हणजे अमेरिकन पावणेदोन, एक स्टॉप जा नाहीतर बेटाच्या दुसऱ्या टोकाला. निळ्या बसमध्ये सुट्टे परत मिळत नाहीत, भाडं डब्यात टाकायचं. सहा जणांचे एकवीस. माझ्याकडे वीसची नोट आणि ते उडत्या माशाचं नाणं, बरोबर जमलं. स्टॉपवरच्या पाट्याही सोप्या, एका बाजूला "टू सिटी", दुसऱ्या बाजूला "आउट ऑफ सिटी", बस. पीएमपीएमएलने शिकावं.

बस इलेक्ट्रिक, नवीकोरी, एसी गार. चढणारा प्रत्येक माणूस आत आल्यावर सगळ्या बसला उद्देशून "गुड मॉर्निंग" म्हणतो आणि सगळी बस उत्तर देते. तिसऱ्या स्टॉपपर्यंत आईचं उत्तर सगळ्यात मोठ्याने येत होतं.

बेट केवढं, तर एकवीस मैल लांब आणि चौदा रुंद, त्यामुळे तासाभरात आपण एका समुद्राकडून दुसऱ्या समुद्राकडे जातो. मध्ये ऊस. घरांच्या मधे ऊस, चर्चच्या मागे ऊस. इथली इंग्रजांची सगळी श्रीमंती या उसावर आणि आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या पाठीवर उभी राहिली. बाकीची शेजारची बेटं ज्वालामुखीची, हे प्रवाळाच्या चुनखडीचं, म्हणून बरंचसं सपाट. पण सेंट जोसेफला आलं की रस्ता एकदम खाली कोसळतो, कशेडी घाटासारखी वळणं, केळी, नारळ, आणि खाली पांढरा फेस.

बॅथशीबा. पश्चिमेकडचा समुद्र पोस्टकार्डासारखा निळा आणि आज्ञाधारक, हा अटलांटिक म्हणजे वेगळाच प्राणी. किनाऱ्यावर बंगल्याएवढे प्रवाळाचे खडक पाण्यात उभे आहेत, खालून लाटांनी कुरतडून अळंबीसारखे झालेले, डोक्यावर झुडपं. लाटा लांबून येतात, समोर थेट आफ्रिका, मध्ये काहीच नाही. इथे पोहायचं नाही, ओढ जबरदस्त आहे. सर्फिंगवाले जातात, त्या जागेला सूप बोल म्हणतात. आपण खडकांच्या मधल्या डबक्यांत बसायचं. आई साडी गुडघ्यापर्यंत खोचून एका डबक्यात बसली, पाणी गळ्याच्या खाली येऊन मागे जात होतं, आणि ती अर्धा तास एक शब्द बोलली नाही. मी तिला असं गप्प बसलेलं आजीच्या तेराव्यानंतर पहिल्यांदा बघितलं. मी पण शेजारी बसले. मुलगी लांबून फोटो काढत होती, ते फोटो सगळे आम्हा दोघींच्या पाठींचे आहेत.

कधीकाळी इथपर्यंत रेल्वे यायची ब्रिजटाउनहून, १९३७ ला बंद पडली, आता त्या वाटेवर लोक चालतात.

वर रस्त्यावर एक लाकडी रमशॉप, दारात दोन म्हातारे डॉमिनोज खेळत होते आणि सोंगट्या टेबलावर आपटत होते, गोळी झाडल्यासारखा आवाज. बाबांनी उडत्या माशाचा कटर घेतला, म्हणजे गोल पावात तळलेला मासा आणि पिवळा तिखट सॉस. तो सॉस गोड दिसतो, गोड नाही, नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. आईसाठी मॅकरोनी पाय आणि भाजलेला ब्रेडफ्रूट. आईने एक तुकडा तोंडात टाकला आणि एकदम रत्नागिरीच्या माहेरी पोचली. "अगं हा नीरफणस! काप करतो आपण!" दुकानवालीला हातवारे करून सांगितलं, रवा, तिखट, मीठ, तव्यावर. ती बाई म्हणाली आम्ही खारवलेल्या माशाबरोबर खातो. दोघींनी एकमेकींकडे कीव केल्यासारखं बघितलं.

मॉबी नावाचं एक पेय मिळतं, झाडाची साल उकळून केलेलं. पहिला घोट गोड, मागून कडू, काढ्यासारखं. बाबांना आवडलं. बाकी कोणालाही नाही.

आता परतीची बस. दीडची यायची होती. पावणेदोन झाले. दोन झाले. नवरा रस्त्याच्या मध्ये जाऊन वळणाकडे बघून येत होता, जणू त्याने बघितल्यावर ती येणार आहे. त्याच्या डोळ्यांसमोर ते यूट्यूबवाले पळत होते. टॅक्सी बोलवावी म्हटलं तर फोनला नेटवर्क नाही. स्टॉपवर एक आजी पिशवी घेऊन बसल्या होत्या, त्यांनी आम्हाला बघून एवढंच म्हटलं, "इट कमिंग." दर पाच मिनिटांनी तेच, त्याच शांतपणे. मी त्या आजींवर विश्वास ठेवायचा ठरवला कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

दोन वीसला आली. चढताना लक्षात आलं, सुट्टे. जेवणाचं बिल मी अमेरिकन नोटा आणि उरलेल्या इथल्या नोटा मिळून दिलं होतं. आता माझ्याकडे दहाची एक, पाचची एक आणि एक डॉलरचं नाणं. पाच कमी. मागे लोक, ड्रायव्हर बघतोय, त्या आजी बघतायत. मी बाबांकडे बघितलं. बाबा पाऊचवर हात ठेवून उभे.

"बाबा."

"दुसरी नाही का?"

"बाबा, बस."

त्यांनी ती नोट काढली, एकदा बघितली आणि डब्याच्या फटीत घातली. वॉरेल अर्धा आत गेला, अडकला, ड्रायव्हरने बोटाने ढकलला. बाबा खिडकीशी जाऊन बसले आणि गावापर्यंत कोणाशी बोलले नाहीत. मधल्या एका स्टॉपवर युनिफॉर्ममधली शाळेची मुलं घुसली, सगळी बस "गुड आफ्टरनून" म्हणाली, बाबा नाही म्हणाले.

साडेतीनला गावात, दोन्ही अलार्म वाजून गेलेले. कार्लाइल बेला पोहायचं ठरलं होतं, तिथे कासवं दिसतात, उथळ पाण्यात बुडालेली जहाजं आहेत, ते सगळं राहिलं. मुलगी फुगली. त्याचं मला अजून वाईट वाटतं, बॅथशीबा आणि ते दोन्ही एका दिवसात बसत नाही, सोबत म्हातारी माणसं असतील तर नक्कीच नाही, एक काहीतरी निवडा.

चार दहाला बंदराच्या आत. बाबा म्हणाले मला फ्रिजचं मॅग्नेट घ्यायचंय. बाबांनी आयुष्यात मॅग्नेट घेतलेलं नाही. काउंटरवर जाऊन अमेरिकन दहाची नोट दिली आणि म्हणाले, "चेंज, फाइव्ह डॉलर, फ्रँक वॉरेल, प्लीज." त्या मुलीने हसून दिली. नवीकोरी, प्लॅस्टिकची, २०२२ पासून नव्या नोटा तशा आल्यात. बाबांनी ती हातात घेऊन वाकवून बघितली, कडकड वाजली.

"आधीची बरी होती," म्हणाले. "वापरलेली होती."

दिवस ४, बुधवार : सेंट लुशिया

ते प्रसिद्ध पिटोन, दोन सुळके, मोठा ७९८ मीटर आणि धाकटा ७४३, बोटीतून दिसले आणि तेवढ्यावरच समाधान मानलं, कारण कॅस्ट्रीजहून तिथे जायला घाटातून दीड तास आणि नवरा कालचा बरा झाला नव्हता. बंदरातून चालत बाजारात गेलो. जायफळ, जायपत्री, दालचिनी, कोकोच्या कांड्या. आईने जायफळ हुंगून सांगितलं की हे आपल्या श्रीखंडातलं नाही पण चालेल. १८५९ पासून इथे हिंदुस्थानातून कंत्राटी मजूर आणले होते, ऊस तोडायला. बाजारातली एक बाई रोटी विकत होती, आत बटाटा-चण्याची भाजी, पिवळीधमक. चेहरा अगदी आपला. हिंदीचा एक शब्द येत नव्हता.

डेरेक वॉलकॉट चौकात एक पर्जन्यवृक्ष आहे, त्याच्या सावलीत अख्खं हळदीकुंकू होईल. एवढ्याशा बेटाला दोन नोबेल, अर्थशास्त्राचं आर्थर लुइसना १९७९ ला आणि साहित्याचं वॉलकॉटना १९९२ ला, आणि दोघांचा वाढदिवस एकच, २३ जानेवारी. बाबा म्हणाले बाळासाहेबांचा आणि नेताजींचा पण तोच. मग बाकावर बसून तेवीस जानेवारीला अजून कोण कोण जन्मलं यावर अर्धा तास गेला.

दिवस ५, गुरुवार : अँटिग्वा

३६५ समुद्रकिनारे आहेत असं सांगतात, रोज एक. आम्ही गेलो क्रिकेटच्या मैदानावर. मी आता विरोध करणं सोडलं होतं.

जुनं अँटिग्वा रिक्रिएशन ग्राउंड सेंट जॉन्स गावातच, बोटीवरून उतरून चालत. आता मोठ्या मॅचेस नव्या स्टेडियमला होतात. हे मैदान म्हणजे रंग उडालेलं पॅव्हेलियन, पत्र्याचे स्टँड, आणि शेजारी जेल. पूर्वी पिच तयार करायला कैदी यायचे. लाराने इथे १९९४ ला ३७५ आणि २००४ ला नाबाद ४०० केले. आणि २००२ मध्ये अनिल कुंबळे जबडा मोडलेला असताना तोंडाला बँडेज बांधून इथेच बॉलिंगला आला, सलग चौदा ओव्हर टाकल्या आणि लाराला काढला. मुलगा, ज्याला क्रिकेट म्हणजे आजोबांचा आजार वाटतो, त्याने विचारलं, "जबडा मोडलेला म्हणजे अपील कसं केलं?" बाबा थांबले. हा प्रश्न त्यांना तेवीस वर्षांत पडला नव्हता. मग दोघांनी तोंड न उघडता अपील करून बघितलं, हात वर करून, "म्म्म्म्म!" दारात झोपलेला कुत्रा उठून बसला.

दुपारी मुलीला न्याय म्हणून फोर्ट जेम्सच्या बीचवर तीन तास. ती अर्धा तास पोहली आणि अडीच तास फोन बघितला.

दिवस ६, शुक्रवार : सेंट मार्टिन

अर्धं बेट डच, अर्धं फ्रेंच, १६४८ च्या तहापासून. मध्ये सीमा आहे पण कोणी थांबवत नाही, नुसता एक दगडी खांब. फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवर दागिन्यांची आणि कॅमेऱ्यांची दुकानं ओळीने सिंधी लोकांची, आईला दारातूनच "आइये आंटीजी" झालं आणि सहा दिवस गुड मॉर्निंग म्हणून दमलेल्या आईने तिथे तासभर ठिय्या मारला. घेतलं काही नाही. चहा मिळाला, आल्याचा.

मुलांना घेऊन नवरा व्हॅनने माहो बीचला गेला, जिथे विमानं डोक्यावरून हात लावता येईल अशी उतरतात. मुलाची टोपी उडाली ती समुद्रात गेली. त्याच चट्ट्यापट्ट्यांची होती, त्यामुळे मी शोक केला नाही.

दिवस ७, शनिवार : सेंट थॉमस

पाय दुखत होते. फक्त नवरा उतरला, उघड्या ट्रकच्या शेअर टॅक्सीने गावात फिरून आला, म्हणाला छान आहे. आम्ही वर डेकवर पत्ते खेळलो. आई जिंकली.

दिवस ८, रविवार : परत

सान हुआनच्या विमानतळावर सिक्युरिटीने बाबांना पाऊच ट्रेमध्ये टाकायला सांगितलं. ते म्हणाले पाऊचमध्ये महत्त्वाचं आहे. त्या माणसाने उघडून बघितलं, पासपोर्ट, औषधांची चिठ्ठी, पाच डॉलरची प्लॅस्टिकची नोट. परत दिलं.

एप्रिलमध्ये दोघं पुण्याला गेले. बाबा ती नोट सकाळी बागेत घेऊन जातात, बाकावरच्या मंडळींना दाखवायला. पहिल्या दिवशी एकाने विचारलं किती रुपयांची, बाबांनी दोनशेच्या वर सांगितलं, तो म्हणाला मग मोडून वडापाव खाऊ. दुसऱ्याने उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, पण तो बॉल उसळलाच नव्हता, नरीच खाली वाकला. तेव्हापासून वाद चालू आहे, काल फोन केला तेव्हा बाबा बागेतच होते, म्हणाले नंतर बोलतो.